चार बोटांची बाई

दहा बाया एका ओसरीत बसल्या का किस्से करा लागत नाहीत, होतेत. लिवते माही नात पल्लवी. ध्यानात ठेवाचं काम माह्याकडं.

पल्लवी कम्प्युटरात मास्तर बनवते. आमच्या करडी गावातल्या माह्यासारख्या अडाणी बायांले आकडे शिकवाले तिनं तीन बनवले अना टॅबलेटवर घेऊन आली. ज्याले बाया मोठ्यानं उत्तर देतीन, तो पास. कोणीच नाही बोललं, त तिची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात.

*

पहिला गुरुजी. हुबेहूब माणूस, मिशीसकट. तो "नमस्कार" म्हणाला अना साऱ्या सुनांनी पदर नाकापर्यंत ओढला. आता आकडे दिसतीन कसे?

पल्लवी म्हणे, अवो, चित्र हाय ते, त्याले काही दिसत नाही.

"मंग सारखा माह्याकडंच काहून पाहून राहिला?" शेजारची वंदना पदरातून बोलली.

गुरुजी नापास.

*

मंग बाई आली. तीही हुबेहूब. साडीच्या निऱ्या मोजून घ्या, कानातलंसुद्धा हालते! "समजलं का?" विचारलं, साऱ्यांनी माना हलवल्या. उत्तर विचारलं, साऱ्या चूप.

चहा पेताना मी वंदनाले विचारलं, काहून वो? त म्हणे, "एवढ्या नेटक्या बाईपुढं चुकाचं कसं?"

*

तिसरी कार्टून. डोकं कोहळ्याएवढं, डोळे बशीएवढे, हाताले बोटं चारच. पल्लवी म्हणे, कार्टूनले चारच असतेत, हात सुटसुटीत दिसते.

मी म्हटलं, हिचं खाल्लेलं सारं डोक्यातच गेलं वाटते. वंदना म्हणे, हिच्या डोईवर धानाचा भारा दिला त मान मोडन. हसता हसता बाया उत्तरं द्याले लागल्या. चुकल्या, तरी हसल्या.

एक साकूबाई सोडून. तलावावरची मासोळी विकते ती. रोज साऱ्यांच्या आधी येणार, खांबाले टेकून बसणार, तोंड नाही उघडणार. पल्लवीले तिचाच घोर. "आजी, हिच्यासाठीच त बनवली वो मी."

*

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी कार्टूनबाईनं बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार. पाचले बोटच नाही! तिनं आपलं पहिलंच बोट परत वर केलं अना म्हणाली, पाच. पल्लवीनं कपाळाले हात लावला.

खांबाजवळून आवाज आला. "अवो मोठ्या डोक्याचे, थांब."

साकूबाई उठली, टॅबलेटपुढं मांडी घालून बसली अना आपला पंजा तिच्या डोळ्यांपुढं धरला. "असे मोजतेत. म्हण माह्या मागून." वीसपर्यंत मोजूनच उठली.

पल्लवी लगबगीनं पाचवं बोट जोडाले बसली. साकूबाईनं तिचा हात धरला.

"राहू दे पोरी. तिले सारंच आलं, त मी कायले येऊ?"