टाकीवरचा पोचा

निंगप्पा गिरणीवाल्याचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. तो खुर्चीवर बसला की पाय वाशासारखा पुढे सरळ राही आणि सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्याच्या पिठाच्या गिरणीत येणाऱ्या बायका डबे सांभाळत त्या पायाला वळसा घालून जात. पायाबद्दल निंगप्पाची तक्रार नव्हती. "देवानं दिलता, देवानं नेला," असे म्हणून तो विषय संपवी. त्याची तक्रार होती ती एका हातरुमालाबद्दल.

सन १९७० चा श्रावण. सोमवारी सिद्धरामेश्वराचे दर्शन घेऊन निंगप्पा सायकलवरून परत येत होता. नव्या पेठेच्या कोपऱ्यावर आबासाहेबांची मोटारसायकल चुकीच्या बाजूने वळली आणि त्याच्या अंगावर आली. आबासाहेब म्हणजे पेठेतल्या एका मोठ्या कापड दुकानाचे धाकटे मालक. थोरले भाऊ आप्पा गल्ल्यावर बसत आणि आबासाहेब गाडीवर. गाडीही साधी नव्हती. जपानची होंडा ड्रीम, मुंबईच्या कुणा परदेशी साहेबाकडून घेतलेली. काळी कुळकुळीत, चौकोनी दिव्याची. तिला लाथ मारावी लागत नसे, बटण दाबले की सुरू. ती उभी राहिली की लोक कापड बघायचे सोडून गाडी बघत.

त्या गाडीच्या टाकीवर निंगप्पाचा गुडघा आदळला आणि दोघेही रस्त्यावर आडवे झाले. आबासाहेब कपडे झटकत उठले. त्यांनी खिशातून पांढरा स्वच्छ रुमाल काढला. निंगप्पाला वाटले, आपल्या गुडघ्याला बांधणार. त्याने कण्हत कण्हत पाय थोडा पुढेसुद्धा केला. आबासाहेबांनी गाडी उभी केली, रुमालाने टाकी पुसली आणि पोचा आलेल्या जागेवरून बोट फिरवत ते जमलेल्या लोकांना म्हणाले, "बघा, वाट लावली की नाही? आता ही टाकी काय जपानहून आणू?"

निंगप्पाला कुणीतरी टांग्यात घालून दवाखान्यात नेले. आबासाहेब तेव्हा आले नाहीत आणि नंतरही आले नाहीत. हाड कसेबसे जुळले, गुडघा मात्र कायमचा आखडला. पण निंगप्पाला रात्रंदिवस सलत राहिले ते दुसरेच. आपण पाय पुढे केला होता. भिकाऱ्याने हात पुढे करावा तसा.

नागाने डूख धरावा तसा त्याने डूख धरला. दुकानावर दगड मारावा, आबासाहेबांना अंधारात गाठावे, असले विचार त्याने केले आणि सोडून दिले. ते त्याला फार सोपे वाटत. ज्या गाडीपुढे माणूस दिसला नाही, त्या गाडीवरूनच हिशेब चुकता व्हायला हवा होता.

चार वर्षे गेली. गिरणीत दळण टाकायला येणाऱ्या भंगारवाल्या चाचांनी एके दिवशी डबा खाली ठेवता ठेवता बातमी दिली, "निंगप्पा, वो तेरा पाव तोडी सो गाडी मेरे पास आयी ना. बोरे में भरके."

झाले होते ते असे. आबासाहेबांनी ऑइल न बघता गाडी दुधनीपर्यंत पळवली आणि इंजिन जागच्या जागी आवळले. सोलापुरात सुटे भाग मिळेनात. एका मेकॅनिकने इंजिन खोलले, दुसऱ्याने अर्धे हरवले, तिसऱ्याने हात जोडले. तुकडे दुकानाच्या गोदामात पडून राहिले. शेवटी पाडव्याच्या साफसफाईत थोरल्या आप्पांनी धाकट्याला न विचारता सगळे भंगारात घातले. आबासाहेब त्या दिवशी जेवले नाहीत, असे पेठेत लोक सांगत. हे ऐकल्यावर निंगप्पाला त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या.

गिरणीच्या कोपऱ्यात त्याच्या वडिलांनी, चन्नप्पांनी, बसवलेले जुने ऑइल इंजिन उभे होते. विजेची मोटार आल्यापासून ते बंदच होते. निंगप्पाने ते चाचांना दिले आणि बदल्यात गाडी घेतली.

"लेके जा," चाचा म्हणाले, "मगर वापस नक्को लाना, हौ?"

हातगाडीवरून पोती उतरताना बघून त्याची बायको मल्लव्वा दारात आडवी उभी राहिली. ती कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची. बोलायला लागली की अर्धे कानडी आणि अर्धे मराठी, पण राग दोन्हींत सारखाच.

"अय्यो शिवने! बापाचं इंजिन देऊन दुश्मनाची हाडं आणलाव व्हय घरात?"

"हाडंच हायती. आता त्यावर मांस चढवतो."

"आन मग?"

"मग त्याच्या दारात नेऊन नाचवतो."

"तुमाला डोस्कं हाय का न्हाय? त्याची त्याला नवी करून दावायची? त्यो खूश व्हईल की!"

"नवी कोण करतंय?" निंगप्पा म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

त्याच उन्हाळ्यात वीजकपात सुरू झाली. ऐन दुपारी गिरणी बंद पडू लागली. आधी अशा वेळी पट्टा चढवून ऑइल इंजिन चालवता आले असते. आता बायका थोडा वेळ ओट्यावर बसत, पदराने वारा घेत आणि मग डबा उचलून पुढच्या बोळातल्या गिरणीकडे जात. तिथे इंजिन होते. त्याची टुकटुक साखर पेठेपर्यंत ऐकू येई. मल्लव्वा ती टुकटुक ऐकून नवऱ्याकडे बघे. निंगप्पा मान वर करत नसे. वीज गेली की तो गिरणीमागच्या पत्र्याच्या छपरात जाऊन गाडी मांडून बसे.

इंजिनाशी त्याची जुनी ओळख होती, पण ती एका सिलिंडरच्या ठोंब्या इंजिनाशी. हे जपानी काम नाजूक निघाले. दोन सिलिंडर आणि आत चेन. भाग हरवू नयेत म्हणून त्याने धान्याची मापे रांगेने मांडली. मापट्यात स्क्रू, शेरात बोल्ट, चाळणीत वॉशर. प्रत्येक वस्तूवर पीठ बसे आणि रॉकेलने धुवावी लागे. रॉकेल रेशनचे. "चूल कशावर पेटवू, ह्या माझ्या सवतीवर?" असे मल्लव्वा विचारी. चरे पडलेला सिलिंडर आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीचा पिस्टन घेऊन तो यंत्रमागांचे सुटे भाग बनवणाऱ्या लेथवाल्याकडे गेला.

लेथवाला म्हणाला, "निंगप्पा, ह्याच्यापरीस बुलेट घे की बे."

"बुलेटनं माझा पाय मोडला न्हाय."

पहिल्यांदा जोडणी केली तेव्हा आतली चेन एक दात चुकली. इंजिन फिरवताच व्हॉल्व्ह वाकले. पुन्हा सगळे खोलले. पुन्हा मापटे, शेर, चाळणी. असे एक वर्ष गेले आणि दुसरेही जायला लागले. गिऱ्हाईक निम्म्यावर आले. मल्लव्वाने आपल्या भावाकडून ज्वारी मागवली तेव्हा निंगप्पा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. आबासाहेबांच्या खात्यावर त्याने मनात हेही मांडले.

एका दुपारी तो टाकीचा काळा रंग खरवडत होता. डाव्या अंगाला पात्याचा आवाज बदलला. रंगाखाली पुट्टी होती. आबासाहेबांनी मुंबईहून पोचा भरून घेतला होता. निंगप्पाने ती पुट्टी कणाकणाने काढली. खाली पत्र्यात वाटीएवढा खड्डा निघाला. त्याच्या गुडघ्याचा. नकळत तो गुडघा खड्ड्याला लावून बघायला गेला. गुडघा वाकला नाही.

तो पोचा त्याने भरला नाही. बाकी गाडीला मात्र त्याने ठरवून रूप दिले. गिरणीच्या दारांना लावून उरलेला पिवळा ऑइलपेंट त्याने टाकीपासून मडगार्डपर्यंत फासला, तोही झाडूसारख्या ब्रशने. मऊ सीट काढून बसायला गोणपाटाची घडी बांधली आणि मागे पिठाच्या पोत्यांसाठी लोखंडी कॅरिअर जोडले. मूळची बॅटरी सडली होती, म्हणून मोठी बॅटरी आणून लाकडी खोक्यात बसवली. बटणाने ती आता पूर्वीपेक्षाही तडफेने सुरू होई. डाव्या पायाने गिअर टाकणे त्याला शक्य नव्हते. त्याने गिअरचे पायडल कापून टाकले, तिथून टाकीच्या बाजूने एक दांडी वर आणली आणि तिच्या टोकाला मूठ म्हणून हातमागाचा जुना धोटा बसवला. आखडलेला पाय टेकायला पुढे फळी ठोकली. हँडलला बैलाचे घुंगरू बांधले. शेवटी पोच्याच्या जरा वर लाल रंगात लिहून घेतले, 'श्री सिद्धरामेश्वर पिठाची गिरणी.'

मल्लव्वाने भोवती फिरून बघितले. "ही गाडी हाय का नंदीबैलवाल्याचा बैल?"

"हिला बघून त्यानं रडावं, एवढंच पायजे."

"आन त्यानं तुमाला वळखलंच न्हाय तर?"

"मोडलेला पाय कोण इसरतंय?"

"ज्याचा मोडतो त्यो इसरत न्हाय," मल्लव्वा म्हणाली आणि आत गेली.

श्रावणाअखेरीस निंगप्पा बोळात गाडी चालवायला शिकला. सन १९७६ च्या खंडेनवमीला त्याने गिरणीबरोबर गाडीचीही पूजा केली, चाकाखाली लिंबू चिरडले आणि दसऱ्याच्या दिवशी धुतलेला पटका बांधून निघाला. मागे पिठाचे एक पोते, त्यावर बांधलेली कुबडी, खिशात आपट्याची पाने. दुसऱ्या खिशात मल्लव्वाने धुऊन दिलेला पांढरा रुमाल. तो त्याने मुद्दाम मागून घेतला होता.

नवी पेठ सणाच्या गर्दीने भरली होती. दुकानादुकानांवर झेंडूचे हार होते. घुंगरू वाजवत पिवळी गाडी कापड दुकानाच्या पायऱ्यांपुढे थांबली. आप्पा गल्ल्यावर होते, आबासाहेब पायरीवर पान खात उभे होते. ते सहा वर्षांपूर्वीपेक्षा सुटले होते, पण शर्ट तसाच कडक इस्त्रीचा.

चौकोनी दिवा बघून त्यांचे चावणे थांबले. ते खाली आले. गाडीभोवती एक फेरी मारली.

"ही... ही माझी ड्रीम?"

"व्हय मालक. सोनं द्याया आलतो."

"अरे, हिला पिवळी कुणी केली? आरशासारखा काळा रंग होता हिचा! सीट कुठंय? आणि हे घुंगरू? गाढवा, ही काय खटारा आहे?" आबासाहेबांचा आवाज खरोखरच फुटला. बघणारे हसू लागले. निंगप्पाच्या पोटात गार गार वाटले. दोन वर्षे तो ह्याच आवाजाची वाट बघत होता.

आबासाहेबांचे बोट पोच्यावर आले. "आणि हे तर मी मुंबईत भरून घेतलं होतं!"

"कशानं पडलावता हो मालक, ह्यो पोचा?"

"कुणीतरी सायकलवाला कडमडला होता मधे," आबासाहेब म्हणाले. त्यांनी निंगप्पाच्या तोंडाकडे बघितले, पुढे काढलेल्या ताठ पायाकडे बघितले आणि पुन्हा टाकीकडे वळले.

निंगप्पाच्या पोटातला गारवा गेला. म्हणजे ह्या माणसाच्या लेखी तो त्या दिवशीही नव्हता आणि आजही नव्हता. रडला तोही गाडीसाठीच.

"मला एकदा बसू दे," आबासाहेब म्हणाले. "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त. ऊठ, ऊठ."

निंगप्पाने इंजिन बंद केले. त्याचा हात धोट्यावर क्षणभर थांबला आणि हलला. मग तो उतरला आणि कुबडी सोडून घेतली. आबासाहेब पोत्यापुढे अंग चोरून बसले. त्यांचा डावा पाय सवयीने पायडल शोधू लागला.

"गिअर कुठंय बे?"

"हाय की. जागा बदललीया."

पण आबासाहेबांना धीर नव्हता. त्यांनी बटण दाबले. गाडी गिअरमध्ये होती. मोठ्या बॅटरीने तिला मागून लाथ घातल्यासारखी पुढे उसळवली, इंजिन पेटले आणि आबासाहेबांसकट गाडी दुकानाच्या पायरीवर जाऊन आडवी झाली. पोते फुटले. पिठाचा लोट उठला. पीठ खाली बसले तेव्हा आबासाहेब पांढरेफटक होऊन पडलेले होते आणि त्यांचा पाय गाडीखाली होता.

"पाय! अरे पाय! उचला!"

लोक धावले. "थांबा," निंगप्पा म्हणाला. एवढ्या मोठ्याने तो पूर्वी कधी बोलला नव्हता. लोक थबकले. कुबडी टेकत तो पुढे आला. त्याने खिशातून रुमाल काढला. आबासाहेबांनी तो बघितला आणि हात पुढे केला. निंगप्पा वाकला आणि त्याने टाकीवरचे पीठ पुसले. एकदा, मग पुन्हा एकदा. पोच्याच्या खळग्यातसुद्धा बोट घालून पुसले.

"टाकीला काय झालं न्हाय," तो म्हणाला. "न्हायतर कुटनं आणायची? जपानाहून?"

आबासाहेबांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. पापण्यांवर पीठ साचलेले त्यांचे डोळे टाकीवरून रुमालावर आले, रुमालावरून ताठ पायावर आणि पायावरून निंगप्पाच्या तोंडावर. तिथे ते थांबले.

"तू..." ते म्हणाले. "श्रावणात... कोपऱ्यावर..."

"व्हय," निंगप्पा म्हणाला. त्याने आपट्याची पाने काढून त्या पुढे केलेल्या हातात ठेवली. "सोनं घ्या मालक. सोन्यासारखं ऱ्हावा."

मग लोकांनी गाडी उचलली. आबासाहेबांचे हाड मोडले नव्हते, घोटा सुजला होता. गल्ल्यावरून उठून आलेले आप्पा काही बोलायला गेले, पण धाकट्यानेच त्यांना हाताने गप्प केले.

संध्याकाळी मल्लव्वाने पुरणपोळी वाढली. पेठेतली बातमी त्याच्याआधीच बोळात पोहोचली होती. वीज गेली होती आणि पुढच्या गिरणीचे इंजिन टुकटुकत होते. रुमाल धुवायला घेताना तिने विचारले,

"उतरताना तुमी गिअर सोडवता न्हवं?"

"सोडवतो."

"रोज?"

"रोज."

"मग आज कसा ऱ्हायला?"

निंगप्पाने ताठ पाय जरा सरळ केला आणि तुपाची वाटी पुढे ओढली.

"आज दसरा व्हता की," तो म्हणाला.