इंगा ‘लुपा’ शिकली

आठ वर्षांच्या इंगाला फिनलंडच्या पार उत्तरेला, उत्सयोकीच्या शाळेच्या वसतिगृहात आणून टाकलं, तेव्हा तिला फिनिशमधलं ओ की ठो कळत नव्हतं. घरी सगळे सामी बोलायचे, तिथल्या मूळच्या सामी लोकांची भाषा. इथं सामीचा एक शब्द तोंडातून निघाला, की रात्रीचं जेवण बंद. पहिला फिनिश शब्द ती उपाशीपोटीच शिकली: लुपा, म्हणजे परवानगी. पाणी प्यायला लुपा, संडासला जायला लुपा. "पूर्ण वाक्य बोल, भवाने!" मेट्रन हेल्वीबाई खेकसायची. वाक्य जुळेस्तोवर पोरीची चड्डी ओली व्हायची आणि बाई सगळ्यांदेखत हसायची. मेलीला दयामाया म्हणून नव्हती!

घरी आई अंथरुणाला खिळलेली. निघताना बाप म्हणाला होता, "आईचं जास्त झालं, तर बर्फावरची घसरगाडी घेऊन तुला न्यायला येईन."

मार्चात तो आला. दार न ठोठावता आत शिरला आणि दाराजवळच्या बाकावर गप्प बसला. सामींची रीतच ती. पाहुण्यानं बसायचं, घरच्यांनी "काय खबरबात?" विचारायचं, मगच त्यानं तोंड उघडायचं. हेल्वीबाई कशाला विचारतेय!

इंगा बाईसमोर जाऊन उभी राहिली. "बाई, मला बाबांशी सामीत बोलायची लुपा आहे का?"

"नाही. फिनिशमध्ये बोल की खुशाल."

तिनं फिनिशमध्येच "काय खबरबात?" विचारलं. बापाला फिनिश कुठलं कळतंय! तो खुळ्यासारखा बघत राहिला.

"हा दारुडा इथं ठाण मांडून बसलाय. काढा बाहेर!" बाई ओरडली. गड्यानं त्याला दंडाला धरून अंगणात ढकललं. तेव्हा कुठे तो रीतभात विसरला. "पोरी, चल लवकर! आई तुझं नाव घेतेय!"

इंगा धावली. कडीवर हात ठेवला आणि थबकली. मागे वळून म्हणाली, "बाई, मला घरी जायची लुपा आहे का?"

"ईस्टरला सुट्टी आहे, तेव्हा जा."

तिनं कडीवरचा हात काढला. घसरगाडी रिकामीच गेली.

ईस्टरच्या आधीच निरोप आला. हेल्वीबाईनं तो जेवणाच्या टेबलापाशी सांगितला, "तुझ्या आईला पुरलं." इंगा उठून उभी राहिली. "बाई, मला रडायची लुपा आहे का?"

"शाब्बास! बघा गं, कसं बिनचूक बोलली," बाई खूश झाली. "आधी बटाटे सोल, मग बघू."

इंगा बटाटे सोलायला बसली. आज ती सत्तरीची आहे, एकटीच राहते. स्वतःच्या घरातून बाहेर पडतानाही कडीवर हात ठेवते आणि मागे वळून थांबते.