न आलेलं पान

प्रभावतीताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते घागरींच्या रांगेत. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळ पडला होता. उदगीरकडच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. प्रौढांचं वाचनकेंद्र चालवायला अर्धापूरहून एक बाई येणार, एवढंच कानावर आलं होतं. केळीच्या बागांतून आलेली बाई या फुफाट्यात टिकायची नाही, असं सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. ताईंनी आल्या दिवशी आपली घागर रांगेत शेवटी ठेवली, बायकांशेजारी बसल्या आणि पिशवीतून पुस्तक काढून मोठ्याने वाचू लागल्या. टँकर येईपर्यंत कुणालाच दुसरा उद्योग नव्हता.

त्यांची पद्धत गावाला परकी वाटली नाही. महादेवाच्या देवळात श्रावणात पोथी लावतात, तसंच हे वाचन. एकीने ओळीवर बोट ठेवून वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं, मग पुस्तक पुढच्या घागरीवालीकडे द्यायचं. शाळेत जिला कुणी बसू दिलं नसतं अशा वयाची नागरबाई महिन्याभरात पान घडाघडा वाचू लागली आणि आम्ही सगळे हरखून गेलो.

ताई मात्र हरखत नसत. त्यांचा स्वभावच काळजीचा. माझी पत्नी बाळंतीण होती तेव्हा ताई रोज संध्याकाळी आपल्या वाट्याच्या पाण्यातली एक कळशी आमच्या दारात ठेवून जात. नको म्हटलं तर, "मी एकटी, मला किती लागतं?" म्हणत. त्यांच्या घरी प्यायलासुद्धा पुरत नव्हतं, हे आम्हाला पुढे कळलं.

नव्या जिल्ह्याचे साहेब केंद्र बघायला येणार असा निरोप आला. बायका वाचताहेत असं दिसलं, तर गाव साक्षर म्हणून जाहीर होणार आणि केंद्र बंद होणार होतं. आदल्या दिवशी नागरबाई वाचत असताना पुस्तकाची दोन पानं चिकटून एकदम उलटली. तिला पत्ताच नाही. बोट भलत्याच पानावर आणि तोंडात मात्र बरोबर सुटलेल्या पानाचा मजकूर. ताईंनी पुस्तक आपल्या हातात घेतलं. मग त्यांनी एकेकीला मधलंच पान काढून दिलं. कुणालाच येईना. पोथी पाठ करावी तसं बायकांनी सगळं पुस्तक पाठ केलं होतं, आणि पाठ झालं म्हणजे वाचता आलं, अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती.

सरपंच संध्याकाळी ताईंकडे आले. "ताई, उद्या गप ऱ्हावा. सायब खूष झाले तर टँकरची दुसरी खेप मिळन. लेकरं तहानंनं मरायलीत." ताईंनी पुस्तकाची चिकटलेली पानं सोडवायला घेतली. मी तिथेच होतो. त्या काय करतील याची मलाच धास्ती पडली, कारण सरपंचांचंही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नागरबाईने पान सुरेख म्हणून दाखवलं. साहेब मान डोलवत होते. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, हे पाठ आहे. यांना अजून वाचता येत नाही. केंद्र बंद करू नका." साहेबांचा चेहरा उतरला. जीप निघून गेली, आणि ती खेप काही आली नाही.

पुढचे दिवस फार वाईट गेले. रांगेत ताईंशी कुणी बोलेना. त्या रोज पुस्तक घेऊन बसत, एकट्याच. त्या गाव सोडून जाणार असंच मी धरलं होतं. मग एका दुपारी नागरबाई आपली घागर उचलून मागे आली, ताईंच्या घागरीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "मला आलं न्हाई ते पान काढा." हळूहळू बाकीच्याही सरकल्या. केंद्र चालू राहिलं. टँकरची खेप पुढे वाढली, पण फार उशिरा. त्यासाठी ताईंनी स्वतःला कधी माफ केलं की नाही, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

ताई आता नांदेडला असतात. एका डोळ्याच्या ऑपरेशनचा गुण आला नाही, दुसऱ्याचं पंचाहत्तरीच्या समारंभानंतर लगेच आहे, आणि साखर काही उतरत नाही. हे लिहितानाही माझं मन थाऱ्यावर नाही. परवा भेटलो तेव्हा समारंभासाठी लिहीत असलेला हा लेख त्यांना वाचून दाखवू लागलो. थोडं ऐकून म्हणाल्या, "गुरुजी, हे तुमचं पाठ झालंय. दुसरं काहीतरी वाचा." मग हळूच म्हणाल्या, "दिसलंच नाही तर मी काय करू हो?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, ते इथे सर्वांसमक्ष देतो. ताई, तुम्हाला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो आणि डोळ्यांत पुन्हा अक्षरं उतरोत. नाहीच उतरली, तर तुमच्या दारात आम्ही रांग लावू. पुस्तक आमच्या हातात असेल. पान कुठलं काढायचं, ते मात्र तुम्हीच सांगायचं.