सात वस्तरे आणि आठवा

११ फेब्रुवारी १९५८. जर्मनीतल्या वुप्पर नदीकाठच्या त्या शाणघरात एके काळी नऊ कारागीर वस्तरे घासत. त्या दिवशी दोघे जिवंत होते.

बाकीच्या सातांना शाणेच्या दगडाच्या, छातीत बसणाऱ्या धुळीने नेले. प्रत्येकाने शेवटचा म्हणून घासलेला वस्तरा, उरलेल्या दोघांपैकी एक असलेल्या एवाल्ड क्युलेनबेर्गच्या घरी असे. आमच्या सोलिंगनच्या खोऱ्यात अशा कारागिराचा मुलगा लग्नाच्या सकाळी बापाच्या शेवटच्या धारेने दाढी करून घेतो. तोवर ती धार जपणे हे मागे राहिलेल्या सोबत्याचे काम.

दमट हवेत ते सोपे नसते. चामड्याची पिशवी ओल धरते, म्हणून एवाल्डने ती कधी वापरली नाही. ओकच्या लाकडातल्या आम्लाने पोलाद काळवंडते, म्हणून पेटी लिंडनच्या मऊ लाकडाची. झाकणाला बारीक भोके, पात्यांमध्ये बोटभर अंतर. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो प्रत्येक पाते मऊ फडक्याने पुसून त्याला तेलाचा पातळ हात देई. उघड्या बोटाने त्याने पोलादाला कधी स्पर्श केला नाही.

१९५७च्या जूनमध्ये खोकला वाढला आणि त्याला आरोग्यधामात जावे लागले. पेटी त्याने उरलेल्या एकमेव सोबत्याकडे, आर्टुर फोसकडे सोपवली. फेब्रुवारीत परतला तेव्हा पेटी रिकामी होती आणि वस्तरे कारखान्याच्या कचेरीत, मालकाने शोभेसाठी लावलेल्या बंद काचेच्या कपाटात होते. त्या सातांपैकी हाइनो लाउटरयुंगची विधवा हेडविग त्याच्याबरोबर तिथे गेली; शनिवारी तिच्या मुलाचे लग्न होते.

आर्टुरने कपाट उघडताच उग्र वास आला. सातही पाती तांबूस, धारेवर खड्डे. मधोमध पिवळ्या मुठीचा आठवा वस्तरा.

"हा कुणी ठेवला?" एवाल्डने विचारले.

"मालकांच्या आजोबांचा आहे. मध्ये तोच हवा म्हणाले."

"अरे, मूठ सेल्युलॉइडची आहे! जुनी झाली की वाफ सोडते, शेजारच्या पोलादाला खाते. आणि कपाट लावलंय खोली तापवायच्या गरम नळावर!"

"मला काय शिकवतोस? तुझ्या शेजारच्याच दगडावर बसलोय मी तीस वर्षं."

"म्हणजे तुला माहीत होतं."

आर्टुर म्हणाला, "ऑक्टोबरात मुकादमाची जागा रिकामी झाली. कपाटही ऑक्टोबरातच लागलं. तूच सांग, मालकांपुढे तोंड कसं उघडणार?"

"एक वाक्य, आर्टुर. सात जणांसाठी एक."

"भांडताय काय?" हेडविग म्हणाली. "हात शाबूत आहेत ना तुमचे, एवाल्ड? घासून द्या की."

"घासला तर लखलखेल. पण मग ती धार माझी, हेडविग. हाइनोची नाही."

तिने हाइनोचा वस्तरा रुमालात गुंडाळला. "आमचा हाइनो असता ना, तर म्हणाला असता, ये आर्टुर, बस खुर्चीवर, याच धारेनं तुझी दाढी करतो."

विश्वासघाताला इथे मोठा मोबदला लागला नाही, हे नोंदवले पाहिजे. मालकाने मौन मागितलेसुद्धा नव्हते. आर्टुरने ते आपणहून दिले.

शनिवारी मुलगा दाढी न करताच चर्चमध्ये उभा राहिला. उरलेल्या सहा घरी जाऊन, काय झाले आणि कोणामुळे, हे स्वतः सांगेन, असे आर्टुरने त्या दिवशी कपाटासमोर कबूल केले होते. आता नोव्हेंबर आहे. तो एकाही घरी गेलेला नाही.