चार नटांची गाडी पाच नटांची करणारी माझी ताई

ताई गेली. हार्ट अटॅक. गाडीचा काही संबंध नाही, हे आधीच सांगते.

सांगावं लागतं. कारण तिने ती गाडी खोलली तेव्हापासून आमच्या अख्ख्या गोतावळ्याला एकच भीती होती, ही गाडी एक दिवस तिचा जीव घेणार.

मृदुलाताई माझी मोठी बहीण. पुण्यात शिकली, डेट्रॉइटजवळ ट्रॉयला आली आणि आयुष्यभर गाड्यांचे ब्रेक डिझाइन करत राहिली.

मग ले-ऑफ झाला.
कितीतरी दिवस ती माझा फोनसुद्धा उचलायची नाही.

आणि अचानक एक फोटो आला. तिचं गॅरेज. जॅकवर चढवलेली तिची जुनी हॅचबॅक, अमेरिकेत घेतलेली पहिली गाडी. चारही चाकं काढलेली.

"वैशू, पाच नटांची करतेय."

मला ओ की ठो कळलं नाही.

तिने समजावलं. या गाडीचं प्रत्येक चाक चार नट-बोल्टांवर बसतं. तिला त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलचे ब्रेक हवे होते आणि ते पाच नटांच्या हबवरच, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरच बसतात. म्हणजे हब बदला, ब्रेक बदला, चाकं बदला.

"ॲडॅप्टर मिळतो ना?" मी गूगल करून विचारलं.
"मिळतो. पाच नटांचं चाक बसेल. ब्रेक तेच चिमुकले राहतील."

तिचा मुलगा निहार म्हणाला, "मॉम, जस्ट सेल इट."
शेजारच्या काकू म्हणाल्या, "नवीन घे गं, सेफ असते."

ताईने भंगार गाड्यांच्या जंकयार्डमधून पार्ट आणले. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गाडीखाली सगळं गंजलेलं. एकेका बोल्टशी ती दिवसभर भांडायची. फोनवर तिचा आवाज मात्र पुन्हा पहिल्यासारखा यायला लागला.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मी गेले तेव्हा गाडी पाच नटांवर उभी होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. ताई एक राउंड मारून आली.

"पेडल फार खाली जातंय. ब्रेक मोठे झाले, त्यांना फ्लुइड पाठवणारा सिलिंडर जुनाच आहे. छोटा पडतोय."

"बट इट स्टॉप्स, मॉम!"

"थांबते रे. मला हवी तशी नाही थांबत."

परत बॉनेट उघडलं. मोठा सिलिंडर बसेपर्यंत गाडी रस्त्यावर काढली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली होती. ताई तिला त्याच गाडीतून माझ्याकडे हर्नडनला घेऊन निघाली. पेनसिल्व्हेनियाचे डोंगर. एका वळणापलीकडे ट्रक रस्त्यात आडवा.

ताईने ब्रेक दाबला.

गाडी सरळ रेषेत थांबली. ट्रक आणि बॉनेटच्या मध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा.

आई माझ्या घरात शिरली ती चप्पल न काढताच.
"अगं, हिने थांबवली! हिने स्वतः बसवलेल्या ब्रेकने!"

मग पुण्याला फोनवर फोन. मावशीला, मामाला, सोसायटीतल्या सगळ्यांना. तोवर आई लोकांना "मृदुला तिकडे ऑफिसात असते" एवढंच सांगायची.

ताई सोफ्यावर चहा पीत होती. आणि काय हसत होती! ले-ऑफनंतर मी तिला तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

नंतर तिला एका छोट्या कंपनीत नोकरी लागली. ब्रेकचीच. शेवटच्या शुक्रवारपर्यंत ती कामावर गेली.

आज आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आहे. रडून डोळे सुजलेत.
"काय टाइप करतेस?"
"ताईबद्दल."
"ब्रेकची इंजिनिअर होती, असं लिही. नुसतं प्रेमळ होती म्हणू नकोस. ते काय, सगळ्यांबद्दल लिहितात."

लिहिलं गं आई.

ताई, तुझी बहीण म्हणवून घेताना आज ऊर भरून येतोय.

सावकाश जा.