बिनआवाजाची गाडी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गाडी चालवायला शिकले तीच मुळी पंचेचाळिशी उलटल्यावर. अजूनही स्टिअरिंग हातात आलं की तळवे ओले होतात. शाळेत सोबत शिकवणाऱ्या बाया मला हसतात. पोरांसमोर वाघीण आणि गाडीत शेळी, म्हणतात. तरी गाडी घ्यायचं मी मनावर घेतलं, आणि तेही भीतीपोटीच.

गेल्या पावसाळ्यात भर दुपारी मायच्या छातीत कळ आली. आमचं गाव आदिलाबादहून बेल्याला जाणाऱ्या रस्त्यावर. सगळी माणसं शेतात, गावात म्हणावी तशी गाडी एकही नाही. मी नेमकी सुट्टीसाठी घरी गेलेली. शेवटी कापूस वाहायचा एक टेम्पो मिळाला. मागच्या हौद्यात ताडपत्रीवर मायला निजवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आदिलाबादची वाट धरली. त्या टेम्पोची घरघर इतकी, की मायचा श्वास चालू आहे की थांबला, तेच मला ऐकू येईना. नाकाशी बोटं धरली तर वारा लागे. तो तिचा की रस्त्याचा, कळेना. तशी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते. माय वाचली. पण पुन्हा असं होऊ शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि ती घरघर माझ्या कानात बसली ती बसलीच.

म्हणून मला बिनआवाजाची गाडी हवी होती. हायब्रिड हळू चालते तेव्हा बॅटरीवर चालते आणि आवाज जवळजवळ करतच नाही, असं कुणीतरी सांगितलं. दिवाळीच्या तोंडावर मी आदिलाबादच्या एका शोरूममध्ये जाऊन उभी राहिले. लहानशी, पांढरी, बुटकी सेडान होती. सेल्समन माझ्याच वयाचा, तेलुगू बोलणारा, माझ्याशी हिंदीत बोलायचा. मायलेज किती, वेग वाढला की इंजिन आपसूक कसं लागतं, ब्रेक दाबला की बॅटरी कशी भरते, सगळं त्याने हौसेनं समजावलं. बॅटरीमुळे डिकी लहान झाली आहे, हे मात्र मलाच विचारावं लागलं. डिकीशी मला काही देणंघेणं नव्हतं.

"पीछे लेटके देखूँ क्या?" मी विचारलं.

तो बघतच राहिला. मी चपला काढून मागच्या सीटवर आडवी झाले. गुडघे दुमडावे लागले, पण माय माझ्याहून ठेंगणी, तिला पुरणार होतं. गाडी सुरू करा म्हटलं. तो म्हणाला, "चालूच है, मॅडम." मी डोळे मिटले. मला माझाच श्वास ऐकू आला. मन तिथंच भरलं.

पसंत असेल तर मुहूर्त काढून घेऊ, म्हणाला. आमच्या घरात मुहूर्त कुणी बघत नाही, मायची पसंती लागते. तसा मी तिला फोन केला, गाडी दाखवायला आणते म्हणून. सेल्समनला शेजारी बसवलं आणि जीव मुठीत धरून गावापर्यंत चालवत नेली.

सोयाबीनचे दिवस. आमच्याकडे अर्ध्या डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात, कडेनं दगड लावतात आणि धान्यापाशी घरातलं म्हातारं माणूस बसवतात. गाडी आली की ते आवाजावरून ओळखून सरकतं. त्याला हॉर्न मारायचा नाही, अशी गावची रीत आहे. राशीपाशी बसलेल्याला मागून टोकू नये म्हणतात. मोतीबिंदूमुळे मायला सगळं धुरकट दिसतं, पण बस कुठली, ट्रॅक्टर कुणाचा, हे ती मान न वळवता सांगते. माझ्या कानाले डोळे हायेत, म्हणते.

वळणावरून ती दिसली. आमच्याकडे अर्धी पाठ करून सोयाबीनच्या कडेला बसली होती, खडे वेचत, आणि पाय मोकळ्या रस्त्यात आडवे लांब केलेले. पलीकडच्या बाजूला एक बैलबंडी सोडलेली. मधून गाडी जाईल एवढीच वाट, तीही मायनं पाय आवरले तर. मी वेग कमी केला. आता आवरेल, आता आवरेल, म्हणत हळूहळू पुढे गेले. सेल्समन समोरच्या पडद्यावर बोट ठेवून सांगत होता, बघा, इंजिन बंद आहे, सगळं बॅटरीवर. माय खडे वेचत होती. हॉर्नकडे माझा हात गेलाच नाही. जन्मभराची सवय.

तिच्या टाचेच्या भेगा दिसल्या तेव्हा मी ब्रेकवर जवळजवळ उभी राहिले. गाडी थांबली, तीही आवाज न करता. गाडी आणि पाय यांच्यात वीतभर अंतर असेल. आता ब्रेकवरचा पाय उचलायची भीती. गाडी बंद झाली आहे की चालू आहे, काहीच कळेना. पाय उचलला आणि ही सरकली तर? हाक मारावी तर माय दचकून पाय इकडेच टाकेल. सेल्समनने वाकून बघितलं, त्याचाही चेहरा उतरला. त्याने हात पुढे करून कुठलंसं बटण दाबलं आणि हळूच म्हणाला, "अब उतरो मॅडम, अब नहीं हिलेगी."

मी दाराला धरून उतरले आणि मायच्या पुढ्यात जाऊन बसले. पावलांवरून तिनं ओळखलंच.

"आली का व? पायीच काऊन आली? गाडी दाखवाले आनतो म्हने ना?"

मी मागे वळून गाडीकडे बघितलं.

"येऊन राह्यली असंन मांगून," ती म्हणाली. "येऊ दे. आली का आयकू येईन मले." आणि अवघडलेले पाय तिनं चाकाकडे आणखी थोडे लांब केले.

मी ते दोन्ही पाय उचलून मांडीवर घेतले आणि घट्ट धरून बसले.