निळे पिंप आणि लेकीचे ताट

अर्जदार: मी, कल्याणच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा अर्जलेखक, शिक्षण सातवी. जिच्यातर्फे अर्ज, ती माझी मुलगी. साक्षीदार: तिची आई. स्थळ: डोंबिवली पूर्वेतील आमची खोली. काळ: ऐंशीची अखेर व नव्वदीचे दशक. प्रतिवादी: तिच्या ताटाकडे पाहून हसलेले सर्व आप्त.

त्या काळी नळाला पाणी अवेळी येई. सबब, रसायनांच्या कारखान्यातून निघालेली निळी प्लास्टिकची पिंपे भंगारवाल्याकडून घेण्याची चाळीत रीतच होती. आमचे पिंप मी स्वतः निवडले, राखेने घासून घेतले, आत डोके घालून वास घेतला व पाणी पिण्यास हरकत नसल्याचा निर्वाळा दिला. मुलगी त्या पाण्यावर पोटात वाढली व त्याच पाण्यावर मोठी झाली.

शाळेत जाऊ लागली तोवर ती अंगाने भरली होती. मागून कधी घेत नसे, हे तिची आई शपथेवर सांगेल. नवरात्रात टेंभी नाक्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे जेवायला गेलो असता, वाढता वाढता बहीण म्हणाली, "दादा, तू अर्ज लिहितोस आणि लेक कागदासकट खाते वाटतं."

पंगत हसली. मुलगीही हसली, आणि अर्धी पुरी तिने हळूच माझ्या ताटात सरकवली. तेव्हापासून ती अर्धेच जेवते.

यंदा तिला सातवा महिना लागला. डॉक्टरीणबाईंनी पोटभर जेवण्यास सांगितले, तर म्हणाली, "नको, मी लहानपणापासूनच खादाड आहे." मला राहवले नाही. पिंपाची हकीकत मी सांगून टाकली.

बाई म्हणाल्या, "काही रसायनं शरीरात संप्रेरकांची नक्कल करतात. कोवळ्या पेशीला ती चरबीची पेशी व्हायला लावू शकतात. प्रयोगांत तसं दिसलंय. हिचं त्यामुळंच झालं, हे मात्र मला सांगता येणार नाही."

मला मुद्दा तत्काळ उमगला. हा बनावट शिक्क्याचा हुकूम. पेशी बिचारी शिक्का पाहते व तामील करते. पुढे उपास केले तर ती आकसते, नाहीशी सहसा होत नाही, असेही बाईंनी सांगितले.

पिंप केव्हाच मोडीत गेले. पुराव्याअभावी ते सुटत असेल, तर पुराव्याअभावी माझ्या मुलीलाही दोषी धरता येणार नाही.

तरी मागणे एवढेच, की डोहाळजेवणाला आत्याने तिला स्वहस्ते वाढावे व ताटाकडे पाहून काही बोलू नये. मी शेजारीच बसेन. त्या दिवशी अर्धी पुरी माझ्या ताटात आली नाही, तर उत्तर पोचले असे समजेन.